दिवाणाआड नवरी

माझ्या नातीच्या लग्नात वऱ्हाड वेळेवर आलं, बँड वेळेवर आला, भटजी तर वेळेच्या आधी आले. फक्त नवरी आतल्या खोलीत अडकली होती, कारण त्या खोलीच्या दारात एक लोखंडी दिवाण रुतून बसला होता. तो दिवाण मी केला होता.

(हौ, मीच. लपवून काय फायदा, अर्ध्या बालाघाटनं तो डोळ्यांनी पाहिला आहे.)

मी आरेवाला माणूस. उभी जिंदगी सागाचे लठ्ठे चिरण्यात गेली. शाळेत तिसरीपर्यंत होतो, पुढे चौथीच्या मास्तरचं आणि माझं जमलं नाही. मास्तर म्हणे मापायला फूटपट्टी लागते. मी म्हणे देवानं हात दिला आहे, त्याला वीत दिली आहे, लाकडाची पट्टी कशाला पाहिजे? मास्तर निवृत्त झाला, मी अजून विती टाकतो.

नात स्वाती, माझ्या दिलीपची पोरगी, तिचं गोंदियाला जमलं. पाहुण्यांचं तिथं गेट-ग्रिलचं दुकान. बैठकीत विहीणबाईनं हात जोडून सांगितलं की आम्हाला काहीही देऊ नका, लोखंडाचं तर मुळीच देऊ नका, घरात ठेवायला जागा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. नात सासरी जाईल आणि तिच्या घरात आजोबाच्या हातचं काहीच नसेल, हे मला झेपत नव्हतं. गोंदियाच्या वाटेवर राजेगावच्या पुढं गेलं की मला कोण ओळखतं? दिवाण गेला असता तर दिवाणावर बसणाऱ्यानं तरी विचारलं असतं की बाबा, हा कोणी केला. दिलीप म्हणाला, बाबा, दिवाण बनवणाऱ्यायलेच दिवाण देता का? मी म्हटलं, त्यायचं लोखंड त्यायच्यापाशी, माह्या नातीचं लोखंड माह्यापाशी.

आता लोखंडाशी माझी ओळख कशी झाली ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुन्ना वेल्डरचं दुकान आहे. दिवाणाचं विचारायला गेलो, तर तो ग्राइंडरनं अँगल कापत होता. मी जागच्या जागी उभा राहिलो. आम्ही दोघं जण आऱ्याच्या दोन टोकांना लटकून दिवसभर घाम गाळायचो, तेव्हा संध्याकाळी एका लठ्ठ्याच्या चार फळ्या व्हायच्या. आणि ही मशीन, बगलेत मारून नेता येईल एवढी, तिच्या तोंडाला पापडाएवढी पातळ चकती, आणि ती लोखंड चिरत होती. ज्या लोखंडानं आम्ही लाकूड चिरलं, ते लोखंड! ठिणग्यांचा असा पिसारा उठला की मी हात जोडले. (मनातल्या मनात नाही, खरोखर जोडले. मुन्नाला वाटलं मी त्यालाच नमस्कार केला, त्यानं परत केला.) दुसऱ्या दिवशी बाजारातून तसलीच मशीन घेऊन आलो.

घरी आणल्यावर मी तिच्यात सुधारणा केल्या. चकतीवर लोखंडी टोपण होतं, ते आधी काढलं, कारण त्याच्याआड ठिणग्या नीट दिसत नव्हत्या, आणि ठिणग्या दिसणार नसतील तर माणसानं मशीन घ्यायचीच कशाला? बाजूला एक दांडा होता, दुसऱ्या हातानं धरायला. तोही काढला. एका हातात मावणाऱ्या मशीनीत दोन्ही हात गुंतवले तर विडी कुठं धरायची? दुकानदारानं डोळ्यांचा चष्मा फुकटात दिला होता, तो आमच्या बुढीनं, म्हणजे बायकोनं, कांदे चिरायला घेतला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी आरा, कुऱ्हाड, पटाशी सगळ्यांची पूजा होते. नवीन मशीनीची जरा जास्तच केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नाडापुडीतला लाल धागा तिच्या अंगाभोवती गच्च गुंडाळून गाठ मारली. त्या मशीनीच्या अंगावर पुढं सरकवायची एक कळ असते. धागा ओढताना ती कळ धाग्याखाली पुढं सरकून बसली, हे मला कळलं नाही. मशीन तेव्हा बोर्डाला लावलेली नव्हती, त्यामुळं तीही काही बोलली नाही. दिलीप म्हणाला धागा सोडून ठेवा. मी म्हटलं पूजेचा धागा आपल्या हातानं सोडत नसतात. विषय संपला.

दिवाणाचं काम सुरू झालं तेव्हा अवकाळी पावसानं अंगण भिजवून टाकलं होतं. म्हणून मुन्नाला सामानासकट आतल्या खोलीत बसवला. मी आधी दाराची रुंदी माझ्या वितीनं मोजली, त्यातून थोडी जागा सोडली, आणि मुन्नाला सांगितलं की रुंदी एवढ्या विती ठेव. तो म्हणाला, "दादाजी, टेप है मेरे पास." मी म्हटलं टेप खिशात राहू दे. तो गुणी माणूस, म्हाताऱ्याचा शब्द मोडला नाही. टेप खिशात ठेवला आणि विती टाकल्या. त्याच्या स्वतःच्या. मुन्नाचा पंजा म्हणजे सूप आहे. दिवाण छान झाला, पाठीला मोरासारखी गोल वळणं, पाय असे की हत्ती उभा करावा. आतल्या खोलीत तो इतका शोभत होता की लग्नाच्या दिवसापर्यंत त्याला बाहेर काढायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

लग्नाच्या सकाळी रुखवत मांडायचं होतं. आम्ही चौघांनी दिवाण उचलला. सरळ जाईना, तर आडवा केला. आडवा जाईना, तर तिरपा केला. तिरपा अर्धा बाहेर आला, चौघंही बाहेरून ओढायला लागलो, आणि तेवढ्यात मी, आरेवाल्याच्या जुन्या सवयीनं, "लाव जोर" म्हणालो. सगळ्यांनी जोर लावला. खडाक आवाज आला आणि दिवाण दारात बसला तो बसलाच. पाठीचं वळण आतून चौकटीला अडकलं, पाय बाहेरच्या खोलीत आले. वरून मांजर जाईल एवढी फट होती, खालून तेवढीही नाही. आणि आतून आवाज आला, "आबाजी, मी इकडेच आहो नं."

स्वाती आत होती. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, मावशीकडून मेंदीवर तेल लावून घेत बसली होती. त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला गज आहेत, माकडं येऊ नयेत म्हणून मीच बसवून घेतलेले, आणि चांगले बसवून घेतलेले.

मग ज्याला जे सुचेल ते. दिलीप म्हणाला चौकट फोडू. ती चौकट मी स्वतः चिरलेल्या सागाची, तिच्यावर घाव घालणं मला मान्य नव्हतं. कोणी म्हणालं छपरावर चढून कवेलू काढू आणि नवरीला दोरानं वर ओढू. मी विचारलं, माझी नात काय विहिरीत पडलेली बादली आहे? मांडवातून भटजी दर थोड्या वेळानं घड्याळाकडे बोट दाखवत होते. दिलीपनं मुन्नाला फोन लावला, तर तो किरनापूरला कोणाचं तरी शटर लावायला गेलेला. मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी शांतपणे फळीवरची मशीन काढली.

"बाबा, नका," दिलीप म्हणाला.

मी मशीन जमिनीवर ठेवली, वायर सोडवली आणि पिन बोर्डात घातली.

पिन आत गेली आणि मशीन उठली! कळ धाग्याखाली दबलेली, तिला कोणाच्या हुकमाची गरजच नव्हती. ती गुरकावली, उलटी झाली आणि फरशीवरून नाचत निघाली. बायकांनी घातलेली रांगोळी तिनं पुसली. हारासाठी ठेवलेल्या झेंडूच्या ढिगात शिरली आणि पिवळ्या पाकळ्यांचा पाऊस छतापर्यंत गेला. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या गळ्यात लग्नाचा कोरा गमछा, त्याचं टोक खाली लोंबत होतं. तिनं ते टोक धरलं. मी मागं ओढतो आहे, ती पुढं ओढते आहे, आणि माझं तोंड हळूहळू तिच्या तोंडाजवळ चाललेलं. जन्मात मी कोणासमोर एवढा वाकलो नव्हतो. बुढीनं बोर्डातली पिन उपटली म्हणून हे लिहायला राहिलो.

अर्धा गमछा गळ्यात, अर्धा मशीनीच्या पोटात. शहाणा माणूस इथं थांबला असता.

मी गमछ्याच्या चिंध्या उपटल्या, धागा (देवाची माफी मागून) कळीवरून बाजूला सरकवला, पिन परत बोर्डात घातली, आणि दिवाणाच्या बाहेर आलेल्या पायाला चकती लावली. लावली म्हणजे आरा चालवतात तशी, पुढं-मागं, पुढं-मागं, अंगाचा भार टाकून. हाताला तीच सवय. मशीनीचा आवाज बसत गेला, धूर निघाला, जळका वास सुटला. आणि अर्ध्यात पाय खचला, काप मिटला, चकती त्यात अडकली. मशीन माझ्या हातातून अशी उसळली की जणू तिला लाथ बसली. फट्ट झालं. डोळे उघडले तेव्हा चकतीचा एक तुकडा माझ्या कानाच्या बाजूला चौकटीत रुतलेला होता. जिला घाव लागू द्यायचा नव्हता त्याच चौकटीत.

 आतून स्वाती म्हणाली, "आबाजी, तुमी आहा नं?" तिचा आवाज रडका झाला होता. मी हौ म्हटलं. लग्न चुकेल याची भीती मला तोवर होती. आता कळलं की याहून मोठं काही चुकलं असतं.

आणि त्याच वेळी बँड कोपऱ्यावर आला.

मुलीकडचे म्हणजे आम्ही. विहीणबाई दारात आली की पाटावर उभी करायची, तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, मग ती आत येणार. मांडवात पाट मांडलेला, बुढी तांब्या घेऊन उभी, चेहरा असा की घरात काहीच झालेलं नाही. खरं म्हणजे ती दिलीपची विहीण, पण घरात मोठा मी, म्हणून सामोरा मीच गेलो, गळ्यात अर्धा गमछा आणि केसात झेंडूच्या पाकळ्या. बाई जांभळ्या पैठणीत, नाकात नथ, हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले. तिनं पाटावर एक पाय ठेवला, आणि दुसरा ठेवायच्या आधी नाक वर केलं.

"ब्लेड कोन जाळून राह्यलं?" तिनं विचारलं.

 ती पाटावरून उतरली आणि वासाच्या मागानं सरळ बाहेरच्या खोलीत आली. दारातला दिवाण पाहिला. फटीतून दिसणारा नवरीचा अर्धा चेहरा पाहिला. चौकटीतला तुकडा पाहिला, तो बोटानं चाचपला, आणि मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, दोन्ही जागच्या जागी आहेत का ते.

"हे कोनाचं काम?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "माहं."

वाटलं आता वरात परत जाते. पण बाई जमिनीवर आडवी झाली, पैठणीसकट, आणि दिवाणाच्या खालून, वरून, फटीतून सगळं बघून घेतलं. उठून म्हणाली, "पाय कापून काय होते, आबाजी? अडकली तर पाठ हाये. याचे दोन भाग करा लागते." मग नवऱ्याला हाक मारून सांगितलं की गाडीच्या सीटखालची पेटी आना. तेव्हा मला कळलं की त्या दुकानात गल्ल्यावर कोण बसतं आणि लोखंड कोण कापतं. मी इतके दिवस धरून चाललो होतो की बाई तिथं चहा करत असेल.

पेटी आली. बाईनं पदर कमरेला खोचला, नवऱ्याचा सफारीचा कोट उतरवून घेऊन वरून चढवला आणि बटणं गळ्यापर्यंत लावली. नथ काढली. मंगळसूत्र कोटाच्या आत सारलं. मग बांगड्या काढायला लागली, तेव्हा बायकांत कुजबूज झाली की लग्नाच्या दिवशी सवाष्णीनं हात रिकामे करू नये. तिनं बांगड्या बुढीच्या ओंजळीत दिल्या. "हात राह्यला तर बांगड्या पुन्हा भरता येते," ती म्हणाली, आणि कुजबूज थांबली.

मी माझी मशीन पुढं केली. तिनं ती हातात घेतली, धागा पाहिला, टोपण नाही हे पाहिलं, दांडा नाही हे पाहिलं, आणि लहान पोराच्या हातातला विळा काढून घेतात तशी ती बाजूला ठेवून दिली.  शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्वतःची मशीन काढली. पिन बोर्डाबाहेर ठेवूनच नवी चकती चढवली, आधी तिला उजेडात धरून चीर पाहिली. टोपण फिरवून आपल्या अंगाच्या बाजूला घेतलं. चष्मा चढवला, कान बंद केले. मग भिंतीकडे तोंड करून मशीन थोडा वेळ नुसती चालवली, चकती धड फिरते का ते पाहत. नवरीला आणि मावशीला खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात जायला सांगितलं. चकतीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही म्हणाली. दारावर ओलं पोतं टाकलं. कागदाच्या माळा उतरवल्या. आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "आबाजी, तुमी बादली धरा. पानी भरून. ठिनगी कोठं पडली त पाहा, दुसरीकडं पाहू नका."

घरात मोठा मी. मी बादली धरली.

ती कापायला बसणार, तर मशीन न चालवताच थांबली. दिवाणाच्या दोन्ही अर्ध्यांखाली काही तरी आधार पाहिजे म्हणाली, नाही तर वजनानं काप मिटेल आणि ब्लेड अडकेल. आणि कापात सारायला लाकडाची पाचर पाहिजे. "पाचर म्हंजे काय, ठाऊक हाये का तुमाले?"

मला विचारलं. पाचर. मला! आऱ्याचा काप मिटू नये म्हणून मी जन्मभर पाचरी मारल्या. एकेका लठ्ठ्यात इतक्या की आमच्या मुकादमानं मला पाचऱ्याच म्हणायचं बाकी ठेवलं होतं. आणि लोखंडाला हात लावला तेव्हा ती पाचर माझ्या डोक्यातून कुठं गेली होती? मी बादली खाली ठेवली, परसातून सागाचे ठोकळे आणले, दोन्ही बाजूंना नीट ठोकून बसवले, आणि पटाशीनं दोन पाचरी तासून दिल्या. तिनं ठोकळ्यांना धक्का देऊन पाहिलं. हलले नाहीत. मान हलवली. मग म्हणाली, "बादली."

मी परत बादली धरली.

आता जे पाहिलं ते कसं सांगू. बाईनं जोर लावलाच नाही. दोन्ही हातांनी मशीन धरली, पाय रुंद रोवले, स्वतः रेषेतून जराशी बाजूला, आणि चकती लोखंडावर नुसती टेकवली. हळद लावताना बोट टेकवतात तशी. आणि लोखंड वाट देत गेलं. आवाज कुठं बसला नाही, कुठं किंचाळला नाही, एकाच सुरात चालला. ठिणग्या एका रेषेत पोत्यावर जाऊन विझत होत्या, एकही इकडे तिकडे नाही. काप अर्ध्यावर आला तेव्हा तिनं कळ सोडली, पण मशीन खाली ठेवली नाही. चकती पूर्ण थांबेपर्यंत तशीच धरून राहिली. मग मी पाचर सारली, आणि ती पुन्हा लागली. मांडवातला बँड केव्हा थांबला कोणाला कळलं नाही. वऱ्हाडी खिडकीत, भटजी दारात, नवरदेव बाशिंग बांधून भटजीच्या मागं टाचा उंच करून. मी आयुष्यात मोठमोठे आरेवाले पाहिले. एवढा हलका हात पाहिला नाही. मला मुन्नाच्या दुकानातल्यासारखे हात जोडायचे होते, पण बादली होती.

शेवटची पट्टी सुटली. दिवाणाचे दोन भाग दोन बाजूंना अल्लाद ठोकळ्यांवर बसले. बाईनं कानस घेऊन कापाच्या धारा मोडल्या, नवरीचा शालू अडकू नये म्हणून. मग चष्मा वर करून आत पाहिलं. "या सूनबाई. माह्या पोराले लय वेळ उभं ठेवलं तुमी."

स्वाती बाहेर आली आणि आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. भटजी म्हणाले वेळ अजून आहे, पण थोडीच आहे. मग विहीणबाईला परत पाटावर उभं केलं आणि बुढीनं पाय धुतले. पाणी काळं निघालं. बांगड्या हातात, नथ नाकात, आणि लग्न लागलं. रुखवतात दिवाण ठेवला नाही. (अर्धा ठेवू का, मी विचारलं होतं. दिलीपनं मला हात धरून मांडवात नेलं.)

विहीणबाईनं निघताना दोन्ही भाग गाडीत चढवून घेतले. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "वेल्डिंग मजबूत हाये याचं. मी जोडून घेतो." तीन दिवस मी मुन्नाला हे वाक्य ऐकवत फिरलो. वेल्डिंग त्याचंच होतं, पण ठोकळ्यावर बसून लक्ष माझं होतं.

महिन्याभरानं गोंदियाला गेलो. दिवाण दुकानासमोर होता, एकसंध, जोड कुठं आहे ते हात फिरवूनही कळेना. त्यावर चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. माझी छाती भरून आली. आता कोणी विचारेल की बाबा, हा दिवाण कोणी केला. मी टोपी सरळ केली. विहीणबाई बाहेर आली, पाया पडली आणि सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, "हे आमच्या स्वातीचे आबाजी. बालाघाटचे. बादली यायनंच धरली होती."

सगळे आदरानं उठून उभे राहिले. एकानं बसायला जागा दिली आणि विचारलं, जड होती का?

मी ताठ मानेनं सांगितलं, "गच्च भरलेली होती. आन् थेंबभर सांडू देलं नाही."